पिल्लू नंतर बघा, आधी त्याची आई बघा

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसभर घरी आईच असतात. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलीने कुत्र्यासाठी हट्ट धरलाय आणि आईंनाही सोबत हवीशी वाटते, म्हणून छोट्या जातीचं पिल्लू आणायचं ठरलं. भोपाळच्या एका विक्रेत्याने ‘टीकप पॉम’चे, म्हणजे कपात मावेल एवढ्या पॉमेरेनियनचे, व्हिडिओ पाठवलेत. पिल्लू पस्तीस दिवसांचं, किंमत अठरा हजार, केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदाचे तीन हजार वेगळे. पाच हजार ॲडव्हान्स टाका, रात्रीच्या बसने पाठवतो म्हणतो. दुसरीकडे अन्नपूर्णा रोडला ओळखीतल्या एक बाई आहेत, त्यांची शित्झू व्यायली आहे. त्यांच्याकडे कागद काही नाहीत, पण ‘घरी येऊन बघा’ म्हणतात. मात्र दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू देणार नाहीत, आणि मुलीचा वाढदिवस तर त्याआधीच आहे. हे म्हणतात, सगळे ब्रीडर सारखेच, कुठूनही घे. कोणती जात घ्यावी, नर की मादी, आणि माणूस बरा की वाईट हे ओळखायचं कसं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

पाच हजार अजून पाठवले नसतील तर पाठवू नका. पाठवले असतील तर पुढे एक रुपयाही टाकू नका, मग तो त्याला गाडीभाडं म्हणो, पिंजऱ्याचे पैसे म्हणो की प्रवासाचं सर्टिफिकेट. बाकीचं सावकाश बोलता येईल, पण हे आजच्या आज व्हायला हवं म्हणून आधी लिहिलं.

तो माणूस लबाडच आहे असं मी इथे बसून ठरवत नाही. त्याच्याकडे खरोखर पिल्लू असेलही. पण असलं तरी ते का घेऊ नये, याची कारणं त्याने स्वतःच तुम्हाला सांगून टाकली आहेत.

पहिलं कारण वयाचं. पस्तीस दिवस म्हणजे पाच आठवडे. या वयात पिल्लू नुकतं कुठे मऊ खायला लागलेलं असतं, आईचं दूध पुरतं सुटलेलं नसतं. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू जे शिकतं ते शिकवायला आई आणि भावंडंच लागतात. खेळता खेळता एकाने जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. दूध पिताना दात लागले की आई गुरकावून उठून जाते. दात किती लावायचा हे पिल्लाला असं कळतं. लवकर तोडून आणलेलं पिल्लू हे घरात माणसांवर शिकतं, म्हणजे तुमच्या मुलीच्या हातांवर आणि आजींच्या पावलांवर. वाढत्या वयात कातडी किती नाजूक होते, एक ओरखडाही भरायला किती दिवस घेतो, हे तुम्ही घरात पाहतच असाल. छोट्या जातींत तर आठ आठवडेही मला कमी वाटतात. जाणते ब्रीडर त्यांची पिल्लं दहा-बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवतात, कारण जीव एवढासा असतो आणि एक वेळचं खाणं चुकलं तरी तो ढासळतो.

याच वयाला आजाराचाही धोका आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून जे संरक्षण मिळतं ते साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान होते, आणि त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. मधल्या काळात पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा आजार गाठतो. पार्व्होचा विषाणू जमिनीत, खोक्यात, माणसाच्या चपलेला महिनोन् महिने टिकतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेक वेळा तीन ते सात दिवस जातात, क्वचित दोन आठवडेही. म्हणून घरी आणलेलं पिल्लू पहिले चार दिवस उड्या मारतं, पाचव्या दिवशी जेवण टाकतं, सहाव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. तेव्हा विक्रेत्याला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्याकडून निघालं तेव्हा ठणठणीत होतं, तुम्हीच काही खायला घातलं असेल.’ रडणाऱ्या मुलांना घेऊन दवाखान्यात सलाइन लावून बसलेली घरं मी पाहिली आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. आणि पाच आठवड्यांच्या अशा जिवाला खोक्यात घालून भोपाळहून रात्रीच्या बसने, कंडक्टरच्या भरवशावर पाठवायची ज्याची तयारी आहे, त्याने आधी त्या पिल्लाची काय काळजी घेतली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरं कारण ‘टीकप’. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या यादीत पॉमेरेनियन आहे, टीकप पॉम नाही. नीट वाढलेला पॉम मोठेपणी दोन ते तीन किलोंचा होतो, म्हणजे मुळातच तो पुरेसा छोटा आहे. त्याहून लहान करायचा तर वेतातलं सगळ्यांत अशक्त पिल्लू दुसऱ्या अशक्ताशी लावायचं, किंवा खाणं तोडायचं, किंवा चार आठवड्यांच्या पिल्लाला दोन महिन्यांचं म्हणून दाखवायचं. हे तिन्ही प्रकार चालतात. अशा कुत्र्यांची टाळू पुष्कळदा भरतच नाही, सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो, यकृताचे जन्मजात दोष निघतात, इवल्या जबड्यात दात दाटीवाटीने येतात. हे पिल्लू नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून एकदा निसटलं तर काय होईल याची कल्पना करा. त्यात मुलीची काही चूक नसेल, आणि तरी ते ओझं तीच वाहील.

राहिला कागद. आई-बाप दोघं केसीआयकडे नोंदवलेले असतील आणि वेताची नोंद झाली असेल तरच पिल्लाचा कागद निघतो. तीन हजार दिले की कागद, नाही तर बिनकागदाचं, असा प्रकार खऱ्या नोंदणीत बसत नाही. शिवाय कागद खरा असला तरी तो वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. जिचे गुडघे सरकतात, डोळे जन्मापासून अधू आहेत अशा कुत्रीच्या पिल्लांनाही कागद मिळतोच.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. सगळे ब्रीडर सारखे नसतात, पण ते सारखे का वाटतात हे मला समजतं. सहा-सात आठवड्यांचं कुठलंही पिल्लू गोडच दिसतं. अंघोळ घालून, पावडर लावून, गळ्यात रिबीन बांधली की चांगल्या घरातलं आणि पिंजऱ्यात कोंबलेलं, दोन्ही व्हिडिओत सारखीच दिसतात. आई तशी एका दिवसात सजवता येत नाही. तिला वर्षभर कसं ठेवलं, ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे: पिल्लाची आई, ती रोज जिथे राहते त्याच जागी, पिल्लांसोबत दाखवत नसतील तर पिल्लू घ्यायचं नाही. ‘आई गावी आहे’, ‘आई दुसऱ्या फार्मवर आहे’, ‘अनोळखी माणसं बघून चिडते’, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, मी राजवाड्याजवळ घेऊन येतो’, यातलं काहीही ऐकलं की उठून यायचं.

आई समोर आली की बघायचं काय? आधी ती खरीच आई आहे ना ते बघा. पाजणाऱ्या कुत्रीची आचळं भरलेली किंवा ओघळलेली दिसतात, पिल्लं तिच्याकडे धाव घेतात. पोट सपाट, आचळं कोरडी आणि पिल्लांना हुंगून बाजूला होणारी एखादी देखणी कुत्री पुढे केली असेल तर ती दाखवण्यापुरती आणलेली आहे. व्यायल्यानंतर केस गळून विरळ होणं आणि थोडी वाळणं हे नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. पण बरगड्या मोजता येत असतील, नखं वाढून वळली असतील, कानातून वास येत असेल, पंजे लघवीने पिवळे पडले असतील, कानामागे गोचिडांचे घोस असतील, तर त्या घरात कुत्रीला माया मिळत नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून ती भुंकेल, पिल्लांपुढे आडवी उभी राहील. ते तिचं कामच आहे. पण मालकाच्या एका शब्दाने ती निवळली पाहिजे. मालकाचा हात वर गेला की जी अंग चोरते, तिच्याकडे बघितल्यावर पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

मग प्रश्न. तिचं वय काय, हे कितवं वेत, आधीचं कधी झालं? २०१७च्या नियमांत दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या मादीची पैदास करता येत नाही, वर्षात एकाहून जास्त वेत घेता येत नाही, आणि सगळं आयुष्य धरून पाचाच्या वर नाही. बाप कोण, कुठे असतो, त्याला बघता येईल का? दोघांच्या गुडघ्याच्या वाट्या डॉक्टरांनी तपासल्या आहेत का? छोट्या जातींत वाटी जागेवरून सरकण्याचा दोष फार, आणि तो आईबापांकडून येतो. या वेतात किती पिल्लं झाली, किती जगली, बाळंतपण सुखरूप झालं की पोट उघडावं लागलं? प्रामाणिक माणूस गेलेल्या पिल्लाबद्दलही सांगतो, आणि सांगताना त्याला वाईट वाटलेलं तुम्हाला दिसतं. ‘आमच्याकडे कधीच एकही पिल्लू दगावलं नाही’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यावर मी कमी विश्वास ठेवते.

नाकाचाही उपयोग करा. कुत्री असलेल्या घराला वास असतोच, पण डोळे चुरचुरतील असा मुताचा दर्प नको. पिल्लं झोपतात ती जागा आणि घाण करतात ती जागा वेगळी असावी. ती घरात, माणसांच्या पायांत, कुकरच्या शिट्टीत आणि मिक्सरच्या घरघरीत वाढलेली असावीत. तीन ते चौदा आठवडे हा काळ पिल्लाच्या मनात जग पक्कं करतो. गच्चीवरच्या खोलीत कोंडून वाढवलेलं पिल्लू पुढे गणपतीच्या ढोलांना आणि दिवाळीच्या फटाक्यांना पलंगाखाली थरथरत बसण्याची भीती जास्त. आणखी एक ओळख सांगते: ज्याच्याकडे पग आहे, शित्झू आहे, लॅब आहे, हस्की आहे आणि ‘पर्शियन मांजरही मिळेल’, तो पैदास करत नाही, कुठून तरी आणून विकतो. आई दाखवा म्हटलं की त्याची अडचण होते.

चांगल्या माणसाची खरी खूण मात्र मला यात वाटते की तोही तुम्हाला प्रश्न विचारतो. दिवसा घरी कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का, आधी कुत्रं पाळलंय का, कोणत्या डॉक्टरांकडे नेणार. काही जण तर उलटतपासणीच घेतात. त्याचा राग मानू नका. आणि शेवटी ते म्हणतात, ‘नाही जमलं तर कुणाला देऊन टाकू नका, मला परत आणून द्या.’ यजमानांना म्हणावं, अशा ब्रीडरकडून आधीच्या वेताचं पिल्लू नेलेल्या एखाद्या घराशी तुम्हीच बोलून घ्या. ते पिल्लू आता दोन-तीन वर्षांचं असेल. ते कसं आहे, किती वेळा दवाखान्यात न्यावं लागलं, एवढं विचारलं तरी पुरे.

इथे मनावर दगड ठेवावा लागेल अशी एक गोष्ट आहे. वाईट जागी गेलात की कोपऱ्यात एक अंग चोरून बसलेलं, डोळ्यांत चिपडं आलेलं पिल्लू हमखास दिसतं, आणि ‘निदान याला तरी सोडवू’ असं मनात येतं. माझंही काळीज तुटतं. पण त्या पिल्लाचे पैसे मिळाले की त्याच्या आईला पुढच्या माजाला पुन्हा लावलं जातं. पैसे देऊन ते सुटत नाही, आई मात्र आणखी अडकते. तिथे फार हाल दिसले तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला किंवा पोलिसांना कळवा. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे.

आता अन्नपूर्णा रोडच्या बाई. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल तीनच वाक्यं आहेत, पण त्यांतल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. ‘घरी येऊन बघा’ आणि ‘दोन महिने पुरे झाल्याशिवाय देणार नाही’. पैसे हातात येत असताना गिऱ्हाइकाला थांबायला सांगणारं माणूस पिल्लाचा विचार करतंय. तरी ओळखीच्या आहेत म्हणून डोळे मिटून घेऊ नका. वरचे सगळे प्रश्न त्यांनाही विचारा. घरच्या वेतात एक चूक फार होते, ती म्हणजे शेजारच्या सोसायटीतला शित्झू दिसला आणि लावून टाकला, दोघं एकाच आईची लेकरं निघाली तरी कुणाला पत्ता नाही. म्हणून बापाची चौकशी नक्की करा. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद करायची असते आणि पिल्लाला मायक्रोचिप बसवायची असते. त्यांनी ती केली आहे का हेही विचारा, आणि दरवर्षी वेत काढून विकण्याचा त्यांचा विचार असेल तर करायला सांगा. केसीआयचा कागद नाही याचं मला फारसं वाटत नाही. तुम्हाला शोमध्ये उतरायचं नाही, पुढे पैदास करायची नाही. पण लसीचं कार्ड हवंच. त्यावर लसीच्या बाटलीवरचं, बॅच नंबर छापलेलं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का असावा. नुसतं पेनने ‘लस दिली’ लिहिलेलं कार्ड मी कार्ड मानत नाही. जंतांचं औषध कोणत्या तारखांना दिलं तेही मागा. आणि एका साध्या कागदावर लिहून घ्या की घेतल्यापासून तीन दिवसांत आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊ, जन्मजात दोष निघाला तर पिल्लू परत आणि पैसे परत. भल्या माणसाला याचा अपमान वाटत नाही. शहरातल्या डॉक्टरांखेरीज महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही तुम्हाला जवळच आहे. काही गुंतागुंतीचं वाटलं तर तिथे नेता येईल.

जातीबद्दल. शित्झू तुमच्या घराला जमेल असं मला वाटतं, पण दोन गोष्टी कबूल असतील तर. त्याचे केस रोज विंचरावे लागतात, अगदी रोज. नाही तर काखेत आणि कानामागे जटा होतात आणि खाली कातडी कुजते. वाढवायचे नसतील तर दीड-दोन महिन्यांनी बारीक कापून घ्या, मालव्याच्या उन्हात ते बरंच. आणि त्याचं तोंड चपटं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच बाहेर न्यायचं, दुपारी गार फरशी आणि पंखा किंवा कूलर. डोळे मोठे आणि बाहेर आलेले, त्यांना जपावं लागतं. स्वभावाने मात्र तो माणसाच्या मांडीचा लोभी, फार भुंकत नाही, सहा-सात किलोंच्या पुढे सहसा जात नाही.

पगचा विचार मनात असेल तर काढून टाका. तो लाडका आहे, लहान मुलांशी छान वागतो, पण त्याला श्वास घेणंच कष्टाचं असतं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते कष्ट जिवावर बेततात. लोक ज्याला ‘गोड घोरतो’ म्हणतात ती पुष्कळदा त्याची घुसमट असते. डॅशहुंडची पाठ लांब, मणक्यांची गादी सरकायचं भय कायम, आणि तो सोफ्यावर उड्या मारल्याशिवाय राहत नाही. बीगल छोटा दिसतो पण रोज तास-दोन तास पळवावा लागतो. तुम्ही दोघं ऑफिसात आणि आईंचा गुडघा असा, तर तो घर डोक्यावर घेईल. मला विचाराल तर इंडियन स्पिट्झ हाही चांगला पर्याय आहे. आपल्याकडे जुन्या घरांतून ज्याला सगळे पॉमेरेनियन म्हणत आले तो पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा बहुतेक वेळा हाच. आपल्या हवेला रुळलेला, काटक, सहा-सात किलोंचा. भुंकतो मात्र खणखणीत, तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी कसे आहेत ते पाहा. गल्लीतल्या देशी पिल्लाची आठवण मी प्रत्येकाला करून देते, कारण त्यांच्याइतकं निरोगी कुत्रं नाही. पण ते वाढून पंधरा-वीस किलोंचं होतं आणि आईंना त्याचा पट्टा धरणं जमणार नाही. त्याऐवजी घर बदललं, बाळ झालं म्हणून सोडून दिलेली तीन-चार वर्षांची शहाणी, छोट्या जातीची कुत्रीही असतात. पिल्लाच्या शी-शूचं सहा महिन्यांचं काम आईंवर पडू नये असं वाटत असेल तर त्यांची चौकशी जरूर करा.

आईंबद्दलच एक काळजी आहे, जी छोटं कुत्रं घेताना कुणी बोलत नाही. मोठं कुत्रं ओढतं, छोटं पायात येतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला अडखळून पडणं परवडणारं नाही. पिल्लाच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून घुंगरू बांधा. रात्री पॅसेजमध्ये दिवा राहू द्या. आई पोळ्या करत असताना पिल्लू ओट्याखाली नको, तेवढा वेळ त्याला त्याच्या कुंपणात ठेवा. आणि आईंना प्रेमाने सांगून ठेवा की कांदा घातलेले पोहे, शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट यातलं काही त्याला द्यायचं नाही. माया म्हणून दिलेला घास त्याला विष होतो. दिवसभर सांभाळणाऱ्या त्याच आहेत, तेव्हा पिल्लू आणायचं की नाही याचा शेवटचा शब्दही त्यांचाच असू द्या.

नर की मादी, याने तुमच्या घरात फारसा फरक पडणार नाही. योग्य वयात डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. त्याने मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो आणि स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो.

वाढदिवसाचं म्हणाल तर त्या दिवशी पिल्लू नाही आलं तर बरंच होईल. पंधरा मुलं, फुगे फुटतायत, प्रत्येकाला उचलून घ्यायचंय, अशा घरात पिल्लाची पहिली संध्याकाळ जाऊ नये. त्या दिवशी मुलीला पट्टा, वाटी आणि अंथरूण द्या, आणि दुसऱ्या भेटीला तिला अन्नपूर्णा रोडला घेऊन जा. पहिल्या भेटीला नेऊ नका. एकदा तिने पिल्लू छातीशी धरलं की तुमच्याने नाही म्हणवणार नाही. सोबत पहिल्या वेळी यजमानांना न्या, त्यांचा अविश्वास तिथे उपयोगी पडेल.

निवडताना सगळ्यांच्या डोक्यावर चढून येणारं आणि पाठमोरं बसून राहणारं, दोन्ही सोडा. हाक मारली की थबकून बघणारं, मग हुंगत येणारं पिल्लू घरात लवकर रुळतं. हिरड्या गुलाबी, नाक-डोळे स्वच्छ, न वाहणारे, शेपटीखाली स्वच्छ, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नको, बेंबीपाशी गाठ नको. दोन मिनिटं खेळवून श्वास ऐका. घरघर येत असेल तर थांबा. मागचा एक पाय उचलून लंगडी घालत असेल तर डॉक्टरांनी गुडघा पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस ते जे तिथे खात होतं तेच, त्याच वेळांना, दिवसातून चार वेळा द्या. सगळ्या लसी पुऱ्या होईपर्यंत खाली रस्त्यावर सोडू नका, कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर दाखवा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. नगर निगममध्ये पाळीव कुत्र्याची नोंद करून घ्या, आणि पुढे फिरवताना शी उचलायला पिशवी बरोबर ठेवा.

पहिल्या पंधरवड्यात एकच गोष्ट घरातल्या सगळ्यांना, मुलीलासुद्धा, पाठ असू द्या. खेळणारं पिल्लू एकाएकी मलूल झालं, डोलू लागलं, अंग गार पडलं किंवा थरथरायला लागलं तर त्याची साखर उतरलेली असू शकते. बोटाने थोडा मध किंवा साखरेचं दाट पाणी त्याच्या हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, टॉवेलात गुंडाळा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळपर्यंत थांबू नका. रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर पिल्लू घरात येण्याआधीच फ्रिजवर लावून ठेवा.

तुमची
सदरलेखिका